सकाळी अभंग, रात्री लावणी: एकाच गळ्यात सगळं कसं बसवायचं

आमच्या कोल्हापुरात गाणाऱ्याला गळा एक आणि गिऱ्हाईकं चार. एकादशीला भजन, १९ फेब्रुवारीला पोवाडा, गणपतीत ऑर्केस्ट्रा आणि मधीच कुणाच्या तरी हळदीत लावणीची फर्माईश. दोन वर्षांमागं मी गणपतीत सलग सात रात्री गायलो, मॉनिटर (आपला आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर) नाही, शेजारच्या मंडळाचा डॉल्बी सुरू, स्वतःचं स्वतःला ऐकू येईना म्हणून आणखी ओरडत गेलो, आणि आठव्या दिवशी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर 'एक ग्लास द्या' म्हणायला पण आवाज निघंना, बोटानं सांगितलं. १८९५ ला शाहू महाराजांच्या दरबारात आलेल्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज पण त्याआधी अतिगाण्यानं बसला होता असं सांगतात, तिथं आपण कोण.

तर पहिलं काम, स्टाईल बाजूला ठेवा आणि पाया करा. सकाळी तानपुऱ्याचं ॲप लावून दहा-पंधरा मिनिटं खर्ज, म्हणजे मध्य सा वरनं एकेक सूर खाली, मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या 'प' पर्यंत), जमलं तर अजून खाली, पण हळू आवाजात. खर्ज म्हणजे घसा दाबून घरघर करणं नव्हे, निम्मी पोरं तेच करतात.

मग स्ट्रॉ. हसू नका, कोल्ड्रिंकची साधी स्ट्रॉ ग्लासातल्या पाण्यात दोन बोटं बुडवायची आणि 'ऊ' धरून त्यातनं सूर वर-खाली न्यायचा. बुडबुडे एकसारखे आले की श्वास बरोबर चाललाय, मधीच उसळले किंवा थांबले की तुम्ही गळ्यानं ढकलताय. ओठ अर्धवट बंद असले की आतल्या हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो, ते एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. हे करताना एका ठिकाणी आवाज फाटतो किंवा एकदम बारीक होतो, तो तुमचा सांधा. तिथं जोर लावून पार जायचं नाही, उलट आवाज कमी करून दहा वेळा तिथनंच ये-जा करायची. माझा सांधा बसायला चार महिने गेले.

आता स्टाईल. शास्त्रीय ख्यालाला आकार, म्हणजे 'आ' लावून गाणं, मोकळा, जबडा सैल, जयपूर-अत्रौली घराण्याचं तर सगळं त्या आकारावरच उभं आहे. अभंगात शब्द पुढं येतो. भावगीत-फिल्मीला माईक चार बोटांवर घ्या आणि बोलल्यासारखं गा, तिथं बैठकीचा आवाज काढला की गाणं मेलं.

पोवाडा अवघड, कारण ते निम्मं बोलणंच आहे. जोर आवाजात नाही, अक्षरात द्यायचा, 'क', 'ट', 'ध' असली अक्षरं कडक वाजली की माणूस आपोआप ताठ बसतोय. आणि झीलकरी, म्हणजे मागं साथीला गाणारे, 'जी जी जी' धरतात ना, तेवढ्यात पोटापर्यंत श्वास भरून घ्यायचा, खांदे वर न करता. नवी पोरं तिथं पण झीलकऱ्यांबरोबर ओरडतात आणि पुढच्या चौकाला (कडव्याला) दम संपतो.

लावणीला आवाज खडा लागतो, पण छातीतला जड आवाज तसाच वर ओढू नका. 'न्या न्या न्या' असं लहान पोरासारखं चिडवून बघा, नाकाडोळ्यांच्या मागं झणझण लागती, तीच जागा. तरी ओढ बसत असेल तर कीबोर्डवाल्याला सांगा, दोन सूर खाली घे. ट्रान्सपोजचं बटण कशाला आहे? मूळ गाणं काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) आहे म्हणून आपण पण तिथंच मरायचं, ही कुठली मर्दुमकी.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तांबडा-पांढरा ओरपून लगेच आडवं होऊ नका, आम्ल वर येऊन घसा भाजतं, मग सकाळी खाकरत बसा. पाणी दिवसभर घोट घोट. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर काढ्याच्या नादी न लागता कान-नाक-घसावाल्याला दुर्बिणीनं बघायला सांगा, मी महिनाभर ज्येष्ठमध चघळत बसलो होतो.