टेपाची सेंटिमीटरची बाजू

सोलापुरात कटिंग मास्तर म्हणून वीस वर्षं शाळांचे युनिफॉर्म बेतले, सगळे इंचात. टेपाची सेंटिमीटरची बाजू कामी आली ती माझ्याच पाठीसाठी, म्हणजे मणक्याच्या संधिवातासाठी (ॲक्सियल स्पाँडिलोआर्थ्रायटिस).

सव्विसाव्या वर्षी कंबर धरली. "दिवसभर वाकून उभा असतोस, दुसरं काय होणार," असं म्हणून पट्टा मिळाला, पडून राहायला सांगितलं. पडलो की जास्तच आखडायचं. पहाटे दुखण्यानं जाग यायची, आणि तासभर कात्री चालवली की अंग सुटायचं. ही उलटी गोष्ट पकडायला मला चार वर्षं लागली. तुम्ही आधी तेच तपासा: चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालंय का, तीन महिने उलटलेत का, विश्रांतीनं वाढतं नि चालल्यानं कमी होतं का? मग संधिवाताचे डॉक्टर गाठा.

तिथं वर्गवारीचे दोन रस्ते असतात (२००९ चे निकष). दुखणं ४५ च्या आत सुरू झालेलं हवं. माकडहाडाच्या वरच्या सांध्यांत एक्स-रेवर खराबी किंवा एमआरआयमध्ये सूज दिसली तर सोबत एक लक्षण पुरतं. रक्ततपासणीत एचएलए-बी२७ (एक जनुकीय खूण) निघालं तर दोन लागतात. टाचदुखी, सोरायसिस, डोळ्याच्या आत सूज (युव्हायटिस) येऊन गेलेली, घरात कुणाला हाच त्रास, वाढलेला सीआरपी (रक्तातली सुजेची खूण), हे सगळं लक्षणांत धरतात. नुसतं बी२७ निघालं म्हणून घाबरू नका, ते धडधाकट माणसांतही असतं. एक्स-रे साफ आला म्हणून सुटलातही नाही. डोळा मात्र लाल होऊन दुखला तर त्याच दिवशी दाखवा.

आता वही. थकवा, पाठ, इतर सांधे, दाबल्यावर दुखणं: प्रत्येकाला ० ते १० गुण. सकाळच्या आखडण्याचे दोन प्रश्न, जोर आणि वेळ (दोन तास म्हणजे १०), यांची सरासरी काढा. माझे ६, ७, ३, ५ आणि सरासरी ७. बेरीज २८, भागिले ५ म्हणजे ५.६. चार किंवा वर म्हणजे आजार जोरात. याला बॅसडाय म्हणतात.

मग कंबर किती वाकते ते मोजा. टेप दुसऱ्यानं धरायचा. ताठ उभे राहा. कमरेच्या दोन खळग्यांच्या रेषेपासून १० सेंटिमीटर वर आणि ५ खाली पेनानं खूण. गुडघे न वाकवता पुढे वाका. १५ चे निदान २० व्हायला हवेत. पहिल्यांदा बायकोनं सवयीनं इंचाची बाजू लावली आणि म्हणाली, "सात." माझा जीवच गेला. टेप उलटा केला तर साडेसतरा. तेही कमीच होते.