घरच्या घरी रिफ्लेक्स कसे बघायचे आणि तेव्हा आत नक्की काय घडतं

रिफ्लेक्सची, म्हणजे न ठरवता आपोआप होणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची, व्याख्या शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते, पण खरं म्हणजे ही गोष्ट स्वतःच्या पायावर करून बघितली की जास्त पटकन कळते. डॉक्टरांची हातोडी नसली तरी चालतं, सोबतीला एक माणूस मात्र हवा.

आधी थोडं डोक्यात ठेवा. मेंदू आणि मज्जारज्जू सोडून बाकी अंगभर ज्या नसा पसरल्यात ती परिघीय चेतासंस्था. यातल्या १२ जोड्या मेंदूतून निघतात आणि ३१ जोड्या मज्जारज्जूतून. मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांमध्ये दोन्ही प्रकारचे तंतू असतात, काही खबर आत नेतात आणि काही आतला हुकूम स्नायूपर्यंत पोचवतात.

आता गुडघा. पाय जमिनीला टेकणार नाहीत इतक्या उंच टेबलावर बसा आणि पाय एकदम सैल लोंबकळत सोडा. गुडघ्याची वाटी चाचपा, तिच्या खाली आणि नडगीच्या हाडाच्या वर एक ताणलेला पट्टा लागेल, तोच टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा. सोबतच्या माणसाला हाताच्या कडेने तिथे हलका पण झटकन ठोका मारायला सांगा. जोर लावायचा नाही, हात लगेच मागे घ्यायचा. जागा बरोबर लागली की पाय आपोआप पुढे उडतो.

होतं काय की ठोक्याने टेंडन खेचला जातो आणि मांडीचा पुढचा स्नायू अगदी किंचित ताणला जातो. त्या स्नायूत ताण ओळखणारे बारीक सेन्सर असतात, ते लगेच कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूला कळवतात आणि तिथे खबर आणणारी पेशी थेट स्नायू हलवणाऱ्या पेशीला भिडते, मधे कुणीच नाही! स्नायूत हालचाल सुरू व्हायला साधारण २० ते ३० मिलिसेकंद लागतात. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूला मधल्या एका पेशीमार्फत 'तू सैल हो' असाही निरोप जातो, नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांना ओढत बसले असते. मेंदूलाही हे सगळं कळतं, पण पायाला हुकूम सुटून गेल्यावर. जर्मनीतल्या एर्ब आणि वेस्टफाल या दोन डॉक्टरांनी १८७५ मध्ये या रिफ्लेक्सबद्दल स्वतंत्रपणे लिहिलं आणि तेव्हापासून ही तपासणी दवाखान्यात टिकून आहे.

पाय उडालाच नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा आपण नकळत पाय आवळून धरलेला असतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा, जोरात बाहेर ओढा आणि तेवढ्यात ठोका मारायला सांगा. लक्षही दुसरीकडे जातं आणि रिफ्लेक्सही वाढतो. ही युक्ती हंगेरीच्या येंद्राशिक नावाच्या डॉक्टरांची, आजही वापरतात.

डोळ्याचं सोपं आहे. मंद उजेडात आरशासमोर उभं राहून एक डोळा तळहाताने झाका, थोडं थांबा, हात काढा आणि न झाकलेल्या डोळ्याकडे बघत राहा. उजेड दुसऱ्या डोळ्यात गेला तरी या डोळ्याची बाहुली पण लहान होते. हा रस्ता मज्जारज्जूतून नाही तर मेंदूच्या खोडातून, म्हणजे मेंदूच्या मज्जारज्जूला जोडलेल्या खालच्या भागातून जातो.

शेवटी पट्टी. सोबतच्याने ३० सेंटीमीटरची पट्टी उभी धरायची, तुमची बोटं शून्याच्या खुणेपाशी उघडी, त्याने न सांगता सोडली की पकडायची. १५ सेंटीमीटरवर पकडली तर सुमारे ०.१७ सेकंद लागले आणि २० वर पकडली तर ०.२. पण हा रिफ्लेक्स नाही हं! इथे डोळ्याने बघितलं, मेंदूने ठरवलं, मग हात हलला, म्हणूनच गुडघ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. लोक 'माझे रिफ्लेक्स फास्ट आहेत' म्हणतात ते बहुतेक याबद्दलच असतं.

दोन्ही पाय सारखेच कमी उडत असतील आणि बाकी काही त्रास नसेल तर ते बऱ्याच निरोगी लोकांत दिसतं. एकाच बाजूला फरक असेल, सोबत मुंग्या, बधिरपणा किंवा ताकद कमी वाटत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, आणि अचानक एक बाहुली मोठी दिसायला लागली व जोरात डोकं दुखत असेल तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.