भाताच्या पेंढ्यावर युरिया प्रक्रिया: प्रमाण, पद्धत आणि चुकतं कुठे

नुसत्या भाताच्या पेंढ्याने गायीचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. त्यात प्रथिनं जेमतेम 3 ते 4 टक्के, आणि तंतू लिग्निन या कठीण, न पचणाऱ्या घटकाशी इतके घट्ट जखडलेले की पोटातल्या जिवाणूंना ते सहज फोडता येत नाहीत. युरियाची प्रक्रिया केली की ही पकड सैल होते आणि प्रथिनं 7 ते 8 टक्क्यांवर जातात. खरं काम करतो तो ओलाव्यात युरियापासून सुटणारा अमोनिया. तो निसटला तर सगळी मेहनत वाया, म्हणून पेंढ्याचा गंज (रचलेला ढीग) हवाबंद ठेवण्यात कसूर नको.

100 किलो कोरड्या पेंढ्याला 4 किलो युरिया आणि 50 लिटर पाणी घ्या. अंदाज नको, तराजूवरच मोजा. युरिया विरघळताना पाणी गार पडतं आणि दाणे तळाशी बसतात; एकही दाणा उरणार नाही इतकं ढवळा. पेंढा बुरशी लागलेला नसावा, प्रक्रियेने बुरशी जात नाही. कुट्टी केलेली असेल तर दाबायला सोपं जातं.

गोठ्याचा भिंतीलगतचा कोपरा निवडा आणि खाली प्लास्टिक अंथरा. 20 किलो पेंढ्याचा थर पसरा, झारीने 10 लिटर द्रावण सारखं शिंपडा, उलथापालथ करा आणि पायाने तुडवून घट्ट दाबा. असे पाच थर. वरून ताडपत्री टाकून कडा मातीने लिंपा आणि मातीने भरलेली पोती ठेवा. उंदरांनी पाडलेली भोकं रोज पाहून लगेच बुजवा. हवा शिरली की त्या जागी काळी बुरशी येते. तेवढा भाग गुरांना न घालता उकिरड्यावर टाका.

उन्हाळ्यात 21 दिवस, थंडीत 4 आठवडे गंज उघडू नका. चांगला तयार झालेला पेंढा पिवळसर तपकिरी आणि मऊ दिसतो, अमोनियाचा उग्र वास येतो. एकाच बाजूने दिवसापुरता काढा, तासभर मोकळ्या हवेत पसरा आणि मग गव्हाणीत टाका. उरलेला गंज लगेच झाका.

पहिले दोन दिवस एका गायीला रोज 1 किलो, साध्या पेंढ्यात मिसळून. मग आठ-दहा दिवसांत वाढवत 5 ते 6 किलोपर्यंत न्या. हिरवी वैरण बंद करू नका, कारण या पेंढ्यात अ जीवनसत्त्व नसतं. भाताच्या पेंढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण हवंच. कमी दूध देणाऱ्या आणि भाकड गायींना याचा सर्वांत जास्त उपयोग. भरपूर दूध देणाऱ्या गायीचा खुराक यावर तोडणं चूक आहे.

युरिया पेंढ्यावर भुरभुरून त्याच दिवशी खाऊ घालण्याची चूक मात्र जिवावर बेतते. द्रावणाची बादली उघडी राहून गुरांनी तोंड लावलं तरी तेच. सहा महिन्यांखालील वासरांना आणि घोड्यांना हा पेंढा देऊ नका. गाय थरथरू लागली, लाळ गाळू लागली, पोट फुगलं किंवा तोल जाऊ लागला तर पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा आणि गव्हाणीतला पेंढा त्याच क्षणी काढून घ्या.