निसर्गातून डिझाइन घेताना या चुका टाळा

फूल, पीस, शंख, पान हुबेहूब उतरवलेलं असतं, रेषाही स्वच्छ असते, तरी चित्र निर्जीव वाटतं. डिझाइन शिकणाऱ्यांची ही तक्रार मी फार वेळा ऐकते. बहुतेकदा कारण एकच निघतं: आकार घेतलेला असतो, पण तो तसा का झाला हे पाहिलेलं नसतं. ते एकदा समजलं की चित्रात नेमकं कुठे बिघडलंय हे आपलं आपल्यालाच सापडतं.

सूर्यफुलाचं तबक चाळणीसारखं दिसतं

इथे सगळ्यात जास्त जण अडतात. कुणी एकात एक वर्तुळं काढून त्यांवर ठिपके मांडतं, कुणी तिरप्या रेघांची जाळी टाकतं. खऱ्या तबकात बियांच्या रांगा दोन्ही बाजूंनी वळत जातात. मोजून पाहिलं तर पुष्कळदा एका दिशेला ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५ भरतात. या रांगा कुणी आखलेल्या नसतात. प्रत्येक नवा अंकुर आधीच्यापासून साधारण १३७.५ अंशांवर, मोकळी जागा मिळेल तिथे फुटतो आणि रांगा आपोआप उमटतात.

हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये याचं सोपं सूत्र मांडलं. दर ठिपक्याला १३७.५ अंश फिरायचं आणि मध्यापासूनचं अंतर ठिपक्याच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवायचं. पहिला ठिपका १ सेंटीमीटरवर असेल, तर चौथा २ वर, नववा ३ वर आणि पंचविसावा ५ वर. हातानेही करून बघा. कोनमापक आणि पट्टी घेऊन पन्नासेक ठिपके मांडले की वळणं दिसू लागतात, आणि तो क्षण खरंच सुंदर असतो.

मध्ये दाटी आणि कडेला विरळ झालं असेल, तर वर्गमूळ न घेता अंतर सरळ वाढवत नेलंय. चाकाच्या आऱ्यांसारख्या रांगा दिसत असतील, तर कोन चुकलाय. संगणकावर १३७ असा पूर्ण आकडा टाकून भागत नाही, कारण अर्ध्या अंशाची चूक दर ठिपक्याला साठत जाते आणि रांगांमध्ये फटी पडतात. १३७.५०८ टाका.

१३७.५ चा हा कोन सुवर्ण गुणोत्तरातून (सुमारे १.६१८) येतो. त्याच्या ओढीने पुढे प्रत्येक गोष्टीवर सुवर्ण सर्पिल, म्हणजे त्याच गुणोत्तराने रुंदावत जाणारं वळण, बसवायची सवय लागते. ती मोडा. नॉटिलस या समुद्री प्राण्याचा शंख त्याचा नमुना म्हणून सर्रास दाखवतात, पण सुवर्ण सर्पिल एका पूर्ण फेऱ्यात जवळपास ६.८५ पट रुंदावतं आणि नॉटिलसचा शंख साधारण ३ पट. तयार साचा वर ठेवून शंख काढला तर तो चुकणारच.

जास्वंद पंख्यासारखी दिसते

एक पाकळी काढायची, ती ७२ अंशांनी फिरवत पाच वेळा चिकटवायची, अशी सोपी रीत आहे. पण दारातली एकेरी जास्वंद जवळ धरून पाहा. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही पाकळ्या अशा एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून फूल स्थिर असूनही गरगरल्यासारखं वाटतं.

संगणकावर थर एकावर एक चढतात, त्यामुळे इथे हमखास गोची होते: शेवटची पाकळी दोन्ही बाजूंनी वर येते आणि पहिली दोन्ही बाजूंनी खाली दबते. उपाय छोटा आहे. पहिल्या पाकळीची प्रत काढा, ती सगळ्यांच्या वर ठेवा आणि तिचा फक्त शेवटच्या पाकळीवर येणारा भाग राखून बाकीचा कापून टाका. वेढा पूर्ण होतो.

रंग निसर्गातलेच, तरी भडक का?

फोटोतून पाच रंग उचलले आणि पाचही सारख्या मापाने वापरले, म्हणून. खंड्या आठवा. डोकं आणि पोट तपकिरी, गळा-छाती पांढरी, पाठ-पंख निळे, आणि लाल रंग चोच व पायांपुरता. तेवढासा लाल लांबूनही डोळ्यांत भरतो, कारण तो कमी आहे. तोच लाल पानभर पसरला की खंड्या हरवतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंतही असंच आहे. त्याचा निळा खुलतो तो भोवतीच्या काळ्यामुळे. म्हणून रंग उचलताना कुठला रंग किती जागा व्यापतो हेही टिपून ठेवा.

मोराचा निळा छापताना मी स्वतः फसले आहे. एका दिनदर्शिकेसाठी शाईच्या तक्त्यातला सगळ्यात झगझगीत निळा निवडला आणि छापून आला तो रंगाच्या डब्यासारखा सपाट. मोरपिसात निळं रंगद्रव्य नसतंच. आत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं, आणि त्याच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना निळा-हिरवा दिसतो. म्हणूनच पीस कलतं केलं की रंग बदलतो. साध्या शाईत ही झळाळी येत नाही. तिचा भास हवा असेल तर एकच निळा भरू नका. हिरव्याकडून निळ्याकडे आणि तिथून जांभळ्याकडे जा, आणि शेजारी जवळपास काळा रंग ठेवा.

झाड आणि पान

फांद्या खोडाला वरून टोचल्यासारख्या दिसत असतील तर जाडी तपासा. लिओनार्दो दा विंचीने नोंदवलेला अंदाज अजून कामी येतो: फांद्यांच्या छेदांचं क्षेत्रफळ मिळून खोडाइतकं असतं. १० सेंटीमीटरच्या खोडाला दोन सारख्या फांद्या फुटल्या, तर प्रत्येक साधारण ७ सेंटीमीटरची काढा. ५ ची काढली की झाड रोडावतं.

पिंपळाच्या पानात शिरा थेट कडेपर्यंत ओढण्याची चूक तर फारच सर्रास होते. वहीत जपलेलं जाळीदार पान असेल तर ते पांढऱ्या कागदावर ठेवा आणि एका शिरेवरून बोट फिरवत न्या. कडेच्या थोडं अलीकडे ती वर वळते आणि पुढच्या शिरेला जाऊन मिळते.