बाथरूमचं काम काढताय? सामान निवडताना या चुका टाळा

बाथरूमच्या कामात घोळ होतो तो बहुतेक वेळा गवंड्याच्या हातून नाही, क्रमामुळे. आधी फोडाफोड, मग प्लंबिंग, मग टाइल्सच्या दुकानात चक्कर आणि सगळ्यात शेवटी नळ-शॉवर, असं ज्यांचं चालतं त्यांना कुठेतरी नवी टाइल फोडावीच लागते. नळ, डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणारा वॉल्व्ह), कमोड, बेसिन आणि टाइल या पाचांचे मॉडेल नंबर भिंतीत पहिली झिरी (पाइपसाठीची खाच) मारायच्या आधी कागदावर हवेत. "ते नंतर बघू" असं ठेकेदार म्हणो की घरमालक, पैसे घरमालकाचेच जातात.

डायव्हर्टर आणि टाइलची जाडी

कन्सील्ड डायव्हर्टरची बॉडी भिंतीत गाडली जाते, बाहेर फक्त प्लेट आणि दांडा दिसतो. बॉडीवर जी प्लास्टिकची टोपी असते तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेषा असतात. टाइल लागल्यावरचा पृष्ठभाग या दोन रेषांच्या मधेच आला पाहिजे. म्हणजे बॉडी बसवताना प्लंबरला प्लास्टर किती, मसाला किंवा अॅडेसिव्ह किती आणि टाइल किती जाडीची, हे तिन्ही माहीत हवं. टाइल अजून ठरलीच नसेल तर तो अंदाजाने बसवणार. त्याचा दोष नाही.

जुन्या इमारतीत हा अंदाज हमखास चुकतो. एका तीस-पस्तीस वर्षं जुन्या फ्लॅटमधलं काम घ्या. डायव्हर्टर प्लास्टरच्या हिशोबाने नीट बसवला होता. पाइपांची टेस्टिंगही झाली. मग लादीवाल्याने ओळंबा सोडला तर भिंत वर-खाली मिळून पाऊण इंच बाहेर. त्याने त्याच्या परीने बरोबर केलं, मसाला वाढवून भिंत ओळंब्यात घेतली. पण त्यात डायव्हर्टर जास्तीच्या रेषेपेक्षा जवळजवळ इंचभर आत गेला. दांडा पकडच घेईना. बऱ्याच मॉडेलना एक्स्टेन्शन किट मिळतं, या मॉडेलला नव्हतं, कारण स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला माल होता. दोन टाइल फोडून बॉडी पुढे घेतली. आता त्याच टाइल आणायला गेले तर बॅच बदललेली. शॉवरच्या बरोबर मागे, डोळ्यांसमोर, दोन टाइल किंचित पिवळट. सिलिकॉन फासून प्लेट चिकटवायचा सल्लाही एकाने दिला होता. तो ऐकला नाही हे बरंच झालं, कारण अशा फटीतून पाणी आत मुरतं आणि पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते.

यावर आमचा उपाय साधा आहे. बॉडी पक्की करायच्या आधी लादीवाल्याला बोलवायचं, प्लंबरला नाही. डायव्हर्टरच्या वर आणि खाली टाइलचा एकेक तुकडा ओळंब्यात चिकटवून घ्यायचा, त्यांवर सरळ पट्टी धरायची आणि पट्टी दोन रेषांच्या मधे येईल अशी बॉडी बसवायची. अर्ध्या तासाचं काम. टोपी टाइल लागेपर्यंत काढायची नाही. चार इंची पार्टिशन भिंतीत खोल बॉडीचा डायव्हर्टर घालू नका, झिरी मारतानाच पलीकडचं प्लास्टर फुगतं. तिथे सरळ वॉल मिक्सर, म्हणजे भिंतीच्या बाहेर बसणारा गरम-गार पाण्याचा नळ, लावा. बाहेर दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण बिघडला तर पान्याने उघडून दुरुस्त होतो.

टाइल चौरस फुटांवर मोजणं

दुकानदार खोलीचं माप विचारतो, कॅल्क्युलेटर दाबतो आणि बॉक्सचा आकडा सांगतो. जमिनीला हे बऱ्यापैकी चालतं, भिंतीला नाही. आठ फुटांची भिंत म्हणजे २४३८ मिमी. ३०० बाय ६०० ची टाइल आडवी लावली तर चार टाइलचे २४०० मिमी होतात आणि सांधे धरून शेवटी जेमतेम तीन सेंटिमीटरची पट्टी उरते. ती पट्टी कोणी लावत नाही, लावूही नये. तिथे मधे तीन अख्ख्या टाइल घेऊन दोन्ही टोकांना सुमारे ३१५ मिमीचे तुकडे काढतात. ३१५ म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त, त्यामुळे एका टाइलमधून दोन निघत नाहीत. एका ओळीला पाच टाइल गेल्या. क्षेत्रफळाच्या हिशोबाने चारच्या थोड्या वर लागायला हव्या होत्या. सात ओळी आणि समोरासमोरच्या दोन भिंती धरा: ७० टाइल लागतात, कॅल्क्युलेटर ५७ सांगतो. पाच टाइलचा बॉक्स असेल तर अडीच बॉक्स इथेच कमी पडले, तुटफूट वेगळीच. उरलेले तुकडे खिडकीच्या कडांना थोडे खपतात, सगळे नाहीत.

म्हणून प्रत्येक भिंत कागदावर काढा, ओळी मांडा, टाइल मोजा. माप प्लास्टर झाल्यावरच घ्या, कारण प्लास्टर आणि टाइल मिळून दोन्ही बाजूंनी खोली आत येते. मोजलेल्या आकड्यावर दहा टक्के वाढवा. सगळे बॉक्स एकदमच उचला आणि प्रत्येकावरचा शेड नंबर, बॅच नंबर व साइझ कोड जुळवून घ्या. हे दुकानात नाही, टेम्पो रिकामा होताना. काम संपल्यावर एक बॉक्स माळ्यावर ठेवायचा. उरलेल्या टाइल परत करून चारशे रुपये वाचवणाऱ्यांना पुढे गळती निघाली की तीच टाइल शोधत गुजरातेत मोरबीच्या टाइल कारखान्यांपर्यंत फोन करावे लागतात, आणि तोवर ते डिझाइन बंद झालेलं असतं.

व्हिट्रिफाइड टाइल भिंतीवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याने लावू नका. ती पाणी अर्धा टक्कासुद्धा शोषत नाही, त्यामुळे मसाला तिला धरतच नाही. टाइल अॅडेसिव्ह लागतं, तेही दातेरी करणीने पूर्ण पाठीवर. पाच गोळे ठेवून दाबलेली टाइल आतून पोकळ राहते आणि टॉवेल रॉडसाठी ड्रिल लावला की तडकते.

कमोडचं माप

एस-ट्रॅप की पी-ट्रॅप, हे दुकानात जाण्याआधी बघा. एस-ट्रॅपचा पाइप जमिनीत जातो, पी-ट्रॅपचा भिंतीत. एस-ट्रॅप असेल तर पाइपाच्या मध्यापासून तयार (टाइल लागलेल्या) भिंतीपर्यंतचं अंतर महत्त्वाचं, बाजारात ९ आणि १२ इंची मॉडेल सहज मिळतात. उघड्या भिंतीपासून ९ इंच मोजून आलात तर टाइल लागल्यावर आठच राहतात आणि टाकी भिंतीला अडते. उलट १२ च्या जागी ९ इंची आणला तर मागे तीन इंच फट, जिथे झाडू पोचत नाही. अंतराचा फरक भरून काढणारा ऑफसेट कनेक्टर मिळतो, पण वळण आलं की तुंबणं आलं.

रेन शॉवरचा हट्ट

पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: दहा मीटरला एक बार. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकीचा तळ शॉवरपासून दहा फूट वर असेल तर दाब ०.३ बार. तेवढ्यात मोठ्या ताटलीएवढा रेन शॉवर नुसता ठिबकतो. एक तर प्रेशर पंपाची तयारी ठेवा, नाही तर साधा छोटा शॉवर घ्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बोअरचं पाणी असेल तर काळ्या मॅट फिटिंग्ज नकोत, महिन्याभरात पांढरे डाग दिसतात. क्रोमवरही पडतात, पण पुसले की जातात.

आंघोळीच्या जागेत ६०० बाय १२०० ची लादी टाकून मधोमध नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) मागू नका. एवढ्या मोठ्या लादीला चारही बाजूंनी उतार देता येत नाही, तिरके काप मारावे लागतात. तिथे ३०० बाय ३०० ची अँटी-स्किड लादी घ्या, नाही तर भिंतीलगत लांब जाळी घेऊन एकाच दिशेने उतार द्या. फुटाला तीन-चार मिमी पुरतो.

टेबलटॉप बेसिन घेणार असाल तर ओटा खाली घ्या. पाच-सहा इंचांचं बेसिन ३३ इंचांच्या ओट्यावर ठेवलं की तोंड धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि मुलांना स्टूल लागतं. नळही उंच मानेचा घ्यावा लागतो, तो बेसिनसोबतच निवडा.

दाराची चौकट ग्रॅनाइटची करा. लाकडाची खालून कुजतेच.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर किमान ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. लादीवाला दुसऱ्या दिवशी मोकळा आहे म्हणून ही चाचणी गाळणारे बरेच भेटतात. त्याला दोन दिवस दुसरीकडे काम करू द्या.