चॅरिटी राइडला येताय? सगळ्यांत मागच्या सायकलवरून काही सूचना

आमच्या इंदूर-उज्जैन राइडमध्ये मी स्वीप असते, म्हणजे सगळ्यांच्या मागे. कोणाची चेन पडली, कोणाच्या पायात गोळा आला, कोण वाटेतल्या सांवेरलाच टेम्पोत बसायचं म्हणतंय, हे सगळं आधी माझ्यासमोर येतं. या राइडला वेग कोणी विचारत नाही. ओळीत चालवता आलं पाहिजे आणि पैसे मागता आले पाहिजेत. दुसरं जास्त अवघड, म्हणून ते आधी.

नाव नोंदवताना भरलेली फी म्हणजे देणगी नव्हे. ती टी-शर्ट, केळी आणि टेम्पोच्या भाड्यात जाते. देणगी तुम्ही गोळा करायची. फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज टाकू नका, तिथे सगळे एकमेकांकडे बघत बसतात. एकेकाला वेगळं लिहा आणि हिशोब घालून मागा. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की नुसता अंगठा येतो. माझा मेसेज असा असतो: "मामा, नमस्कार. रविवारी आम्ही सायकलने उज्जैनला जातोय, 55 किलोमीटर. थॅलेसेमिया झालेल्या मुलांसाठी. त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यातून अंगात साचणारं लोह काढायला औषधं चालूच ठेवावी लागतात. किलोमीटरमागे 10 रुपये द्याल का? 550 होतात." मामा 551 पाठवतात, वरचा एक शकुनाचा.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. काका लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "80जीची पावती मिळेल ना?" संस्थेकडे 80जीची नोंदणी आहे का ते आधी विचारून ठेवा. देणाऱ्याचा पॅन नंबर लागतो, 2000 रुपयांच्या वर रोख दिलं तर आयकरात सूट मिळत नाही, आणि नवीन कर प्रणाली घेतलेल्यांना ती तशीही नाही. एवढं पाठ असलं की संभाषण लवकर आटपतं.

आता सायकल. सरावाला पहाटे इंदूरचा सुपर कॉरिडॉर बरा. रस्ता रुंद आहे, मधे मेट्रोचे खांब आहेत, आणि उजाडेपर्यंत गर्दी नसते. पण एकट्याने फेऱ्या मारून ओळीत चालवणं येत नाही, त्यासाठी चार जण तरी जमवा. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक नेऊ नका. तो खड्डा चुकवायला जरा सरकला की चाकाला चाक लागतं, आणि पडतो तो बहुधा मागचा. अचानक ब्रेक मारायचा नाही. खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि ओरडायचंही. ट्रक मागून आला की मी "ट्रक!" म्हणते, तो निरोप शेवटापासून पहिल्यापर्यंत पोचला पाहिजे. मधला एखादा कानात गाणी लावून बसलेला असतो आणि निरोप तिथेच अडतो. अशांना मी सरळ टेम्पोत बसवते. हेल्मेट नसेल तर सुरुवातच नाही.

पंक्चर मात्र होणारच. रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व असतो. रस्त्यावरचा पंक्चरवाला तो बघतो आणि म्हणतो, "दीदी, इसमें हवा नहीं जाएगी." पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो खिशात असला की त्याचाच पंप चालतो. व्हॉल्वची टोकाची चकती आधी सैल करा, मग अडॅप्टर बसवा. नवी ट्यूब घालायच्या आधी टायर आतून तपासायचाच. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा पडलेल्या असतात. त्यातली एक रबरात घुसली की बाहेरून दिसत नाही. बोट फिरवू नका, कापेल. सुती रुमाल आतून गोल फिरवा, तार असेल तिथे सूत अडकतं. नखाने किंवा चिमट्याने ती ओढून काढा. हे न करता ट्यूब बदलली की काही किलोमीटरवर नवी ट्यूबही पंक्चर होते, आणि मीही तुमच्याबरोबर पुन्हा थांबते.

वाऱ्याचं गणित नवख्यांना कळत नाही. इंदूर साधारण 550 मीटर उंचीवर आहे, उज्जैन 490च्या आसपास, म्हणजे जाताना एकंदरीत उतार. मग इतकं जड का जातंय? हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो आणि आपण उत्तरेलाच निघालेलो असतो. गिअर हलका ठेवा, पुढच्याच्या आडोशाला राहा, आणि पुढे कोण राहणार ते आळीपाळीने बदला. सिंहस्थ 2028साठी रस्ता रुंद करायचं काम निघालंय, तेव्हा आदल्या आठवड्यात कोणीतरी गाडीने जाऊन डायव्हर्शन कुठे आहे ते बघून यावं.

खाण्याबद्दल इंदूरकरांना सांगणं कठीण. निघण्याआधी पोहे खा, पण वरून जिरावन मसाला आणि मूठभर शेव नको, सांवेर येईपर्यंत जळजळतं. जिलबी चालेल, साखरच आहे. वाटेत केळी, गुडदाणी, आणि तासाला एक बाटली पाणी, त्यात चिमूटभर मीठ. पॅडवाली शॉर्ट्स नवी कोरी त्या दिवशी घालू नका, आणि आत चड्डी नको. लाजून लोक हे विचारत नाहीत, मग बसता येत नाही.

उज्जैनजवळ त्रिवेणीच्या शनिमंदिरापाशी पोचलात की आधी फोटो काढा, सायकलसकट, आणि पैसे कबूल केलेल्या प्रत्येकाला तिथूनच पाठवा. खाली संस्थेचा क्यूआर कोड. त्या दुपारी जे पैसे येतात ते येतात. सोमवारी आठवण केली तर "अरे हो, बघतो" एवढंच ऐकायला मिळतं.