गिली बेटांचा बेत: आधी डाइव्हिंग, मग पार्टी

इंडोनेशियात लोंबोकच्या वायव्य किनाऱ्यालगत गिली त्रावांगान, गिली मेनो आणि गिली आयर अशी तीन छोटी बेटं आहेत. तिथली सहल फसते ती हॉटेलमुळे कमी आणि दिवसांचा क्रम चुकल्यामुळे जास्त. पहिल्या रात्री पार्टी, दुसऱ्या दिवशी जड डोक्याने डाइव्ह (हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी) आणि तिसऱ्या दिवशी विमान, असा बेत बरेच जण आखतात. तो उलटा करा.

मोजणी परतीच्या विमानापासून सुरू करायची. डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी विमानाच्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होतात, आणि हे दुखणं साधं नाही. एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, अनेक केले असतील तर किमान १८ तास विमान टाळा. लोंबोकवरचा रिंजानी ज्वालामुखी चढायचा असेल तर तोही डाइव्हिंगच्या आधी उरका. ३,७२६ मीटर उंचीवरही हवेचा दाब कमीच असतो, पण ट्रेकच्या नादात हे कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम बालीत किंवा लोंबोकला ठेवा.

मुंबई-पुण्याकडचे बहुतेक लोक बालीत उतरतात. भारतीय पासपोर्टवर विमानतळावरच ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, फी ५ लाख इंडोनेशियन रुपिया. तोच आधी ऑनलाइन काढला तर एक रांग वाचते. पासपोर्ट आणखी किमान ६ महिने वैध हवा. बालीत पाऊल ठेवणाऱ्या परदेशी पर्यटकाला २०२४ पासून दीड लाख रुपियाचा वेगळा करही आहे. तारखा ठरवताना दोन गोष्टी पाहा. बहुधा मार्चमध्ये येणाऱ्या न्येपीला, म्हणजे बालीच्या मौन पाळण्याच्या दिवशी, बालीचा विमानतळ २४ तास बंद असतो आणि बोटीही सुटत नाहीत. आणि रमजानमध्ये गिलीवरच्या पार्ट्या थंडावतात, कारण इथले मूळ रहिवासी मुख्यतः मुसलमान आहेत. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. त्यातही जुलै-ऑगस्टला गर्दी, चढे दर आणि उंच लाटा.

बालीच्या पदांगबाई बंदरातून फास्ट बोटीला साधारण दीड ते दोन तास लागतात. वाटेत लोंबोकची सामुद्रधुनी लागते आणि बोट चांगलीच आपटते. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेली उपयोगाची नाही. मागच्या बाजूला बसा, तिथे दणके कमी. छतावर टाकलेली बॅग भिजते, म्हणून फोन, पासपोर्ट आणि औषधं ड्राय बॅगमध्ये घालून जवळ ठेवा. उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागू शकते, तेव्हा बूट पायात नकोत. लाटांची धास्ती असेल तर लोंबोकच्या विमानतळावर उतरून गाडीने बांगसाल बंदर गाठा, सुमारे दोन तास. तिथून सार्वजनिक बोट माणसं भरली की सुटते. तिकीट बंदरावरच्या खिडकीवरच घ्या. वाटेत ‘शेवटची बोट गेली, आमची घ्या’ म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. अंधार पडायच्या बऱ्याच आधी पोचा.

राहायचं कुठे? नाइटलाइफ हवं तर त्रावांगान, निवांतपणा हवा तर मेनो, आणि दोन्हींच्या मधलं काही हवं तर आयर. आमचा कल आयरकडे: डाइव्हचे दिवस तिथे काढायचे आणि शेवटच्या दोन रात्रींसाठी त्रावांगानला हलायचं. कुठल्याही बेटावर मोटारगाडी नाही. सायकल, नाहीतर घोडागाडी. त्रावांगानला पूर्व किनाऱ्यावर खोली घेताना जवळ कोणता बार आहे ते नकाशावर पाहून घ्या, नाहीतर झोपेची आशा सोडा. पश्चिम किनारा सूर्यास्तासाठी झकास, पण ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं आणि पोहता येत नाही. रबरी तळव्याचे पाणबूट न्या.

आता डाइव्हिंग. मालवण-तारकर्लीला गाईडचा हात धरून थोडा वेळ पाण्याखाली जाऊन आलात, तर त्याने प्रमाणपत्र मिळत नाही. गिलीत तुम्ही नवखेच. नवख्यांसाठीच्या ओपन वॉटर या प्रमाणपत्र कोर्सला ३ ते ४ दिवस लागतात आणि तो १८ मीटर खोलीपर्यंतची मुभा देतो. थिअरी घरूनच ऑनलाइन संपवून गेलात तर सुट्टीतला एक दिवस वाचतो. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण (चारपेक्षा जास्त नकोत), कोर्स कुठल्या भाषेत, आणि बोटीवर तातडीसाठी ऑक्सिजन आहे का. तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडला, त्याचं दुकान सोडा.

सर्दी असेल तर डाइव्ह नको. कान मोकळे करायला नाक धरून हलकेच फुंकायचं, तेही दर मीटर-दीड मीटरला, दुखायच्या आधी. दुखल्यावर जोर लावला तर पडदा फाटू शकतो. तेव्हा थोडं वर या आणि पुन्हा प्रयत्न करा. मास्क धुकटत असेल तर आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून विसळा.

कासवं इथे हमखास म्हणावीत इतकी दिसतात. शार्क पॉइंट, हालिक, मेनो वॉल ही ओळखीची ठिकाणं. मेनोजवळ उथळ पाण्यात ४८ मानवी पुतळ्यांचं वर्तुळ आहे. ते स्नॉर्कलनेही दिसतं, फक्त सकाळी लवकर जा, दहानंतर पुतळ्यांपेक्षा माणसं जास्त. बेटांमधल्या खाडीत प्रवाह जोरदार असतो. डायव्हर त्यासोबत वाहत जातात आणि बोट त्यांना पुढे उचलते. पोहणाऱ्याला मात्र असं उचलणारं कोणी नसतं. समोरचं बेट हाकेच्या अंतरावर दिसलं तरी पोहत जायचं नाही.

शेवटचा डाइव्ह आटोपला की पार्टीला मोकळे. त्रावांगानला मोठी पार्टी रोज वेगळ्या बारमध्ये असते. आज कुठे, ते डाइव्ह शॉपमधली पोरं सांगतात. बीअर सीलबंद बाटलीतलीच घ्या. स्वस्त कॉकटेलमधली अराक ही स्थानिक दारू टाळा: भेसळीत मिथेनॉल असेल तर माणूस आंधळा होतो किंवा जातो, आणि २००९ साली बाली-लोंबोकमध्ये असे बळी गेले आहेत. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागलं तर हँगओव्हर समजून पडून राहू नका, तडक डॉक्टर गाठा. रस्त्यावर कुणी मशरूम किंवा गांजा पुढे करेल. इंडोनेशियात अमली पदार्थांची शिक्षा फार कडक आहे. बिकिनी, उघडं अंग किनाऱ्यावर ठीक, आतल्या वस्तीत नाही.

शाकाहाऱ्यांनी टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू आणि गाडो-गाडोवर (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या) भर द्यावा. पण सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुतेकदा सुक्या कोळंबीची पेस्ट असते आणि वरून पेरलेले कुरकुरीत पापडही कोळंबीचे असू शकतात. मागवताना ‘तानपा तेरासी, तानपा उदांग’ म्हणा, म्हणजे दोन्ही टळतात.